यंत्रसल्ला : भार धरून न ठेवणारा ब्रेक

प्रश्न : खाडीकाठी आमचा नौकादुरुस्तीचा कारखाना आहे. इंजिने चढवण्या-उतरवण्यासाठी ५ टनांची विजेवर चालणारी क्रेन आहे आणि तिला थ्रस्टरचा (विजेच्या मोटरने तेलाचा दाब देऊन दांडा वर उचलणाऱ्या साधनाचा) ड्रम ब्रेक आहे. मोटर बंद केल्यावरही भार वीतभर खाली सरकतो. फिटरने स्प्रिंगचा नट दोन वेळा आवळला, पण काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच होते. लायनिंग (शूजवरचा घर्षणाचा थर) वरून अजून जाड दिसते. तरीही ते बदलावे काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सर्वप्रथम, दोष सापडेपर्यंत या क्रेनने एकही भार उचलू नये आणि स्प्रिंगचा नट यापुढे आवळू नये. आपल्या ब्रेकमध्ये शूज (ड्रमच्या दोन्ही बाजूंचे लायनिंग लावलेले दाबतुकडे) ड्रमवर दाबण्याचे काम स्प्रिंग करते आणि थ्रस्टर केवळ ते सोडवतो. म्हणूनच वीज गेली तरी ब्रेक लागतो. थ्रस्टरची उचलण्याची ताकद मात्र ठरलेली असते. स्प्रिंग प्रमाणाबाहेर आवळली की थ्रस्टर शूज पूर्ण उघडू शकत नाही, लायनिंग फिरत्या ड्रमला घासत राहते, तापते, त्यातील राळ करपून पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड आधीपेक्षाही कमी होते. आपल्याला काही दिवस बरे आणि मग पुन्हा घसरण असा जो अनुभव येतो, त्यामागे बहुधा हेच चक्र असावे.

लायनिंग जाड दिसत असताना ब्रेक घसरतो, तेव्हा मी सर्वात आधी थ्रस्टरचा दांडा पाहायला सांगतो. लायनिंग झिजते तसतसा ब्रेक लागलेल्या स्थितीत हा दांडा थोडा थोडा खाली बसू लागतो. वेळेवर जोडदांडा जुळवून घेतला नाही, तर एके दिवशी तो तळाला टेकतो. मग स्प्रिंगचा जोर ड्रमवर न पडता थ्रस्टरच्या तळावर पडतो. बाहेरून स्प्रिंग चांगली ताणलेली दिसते आणि भार मात्र खाली येतो. यासाठी ब्रेक लागलेला असताना दांड्याखाली निर्मात्याने सांगितलेली राखीव चाल शिल्लक आहे का, हे मोजून पाहावे. त्याच वेळी थ्रस्टरचे तेलही तपासावे. ते दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे, आणि कोकणातल्या पावसात हे नवल नव्हे.

त्यानंतर गिअरबॉक्सच्या ऑइल सीलकडे वळावे. सील गळून लायनिंगवर तेल आले असेल, तर ते पेट्रोलने पुसून उपयोग नाही. वरचे तेल जाते, पण आत मुरलेले तेल ड्रम तापताच पुन्हा वर येते. असे लायनिंग कितीही जाड असले तरी बदलावेच, आणि त्याआधी सील बदलावे. खाऱ्या हवेने शूजच्या पिना गंजून जाम झाल्या असतील, तर एकच शू काम करतो आणि दुसरा नुसता टेकलेला राहतो. दोन्ही लायनिंगची झीज वेगवेगळी दिसली, तर हाच संशय घ्यावा.

बदलायचे ठरले, तर हूक रिकामा करून खालचा ब्लॉक जमिनीवर टेकवावा, मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे आणि पिना काढण्यापूर्वी स्प्रिंगचा ताण नटाने पूर्ण उतरवावा. हा क्रम चुकला तर दाबलेली स्प्रिंग सुटून हात जाऊ शकतो. दोन्ही शूजना एकाच जातीचे लायनिंग बसवावे. रिव्हेट तांब्याचे किंवा पितळेचे घ्यावेत, ते मधून सुरू करून टोकांकडे ठोकत न्यावेत, म्हणजे लायनिंग शूला सर्वत्र चिकटून बसते. रिव्हेटचे डोके लायनिंगच्या पृष्ठभागापेक्षा चांगले खोल असले पाहिजे. पुढे झीज त्या डोक्यापर्यंत पोहोचण्याआधीच लायनिंग बदलायचे असते. निर्मात्याने मर्यादा दिलेली नसेल, तर मूळ जाडी निम्मी होणे हा सर्वसाधारण संकेत मानावा. ड्रमवर खोल चरे किंवा उष्णतेच्या भेगा असतील, तर नवे लायनिंग बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. चरे लेथवर काढता येतात, पण भेगा पडलेला ड्रम बदलावाच लागतो.

नवे लायनिंग आरंभी ड्रमला काही ठिकाणीच टेकते. ड्रमवर खडूची रेघ मारून, ब्रेक हलकेच लावून ड्रम फिरवावा आणि खडू उमटलेले उंचवटे घासून काढावेत. निदान तीन चतुर्थांश पृष्ठभाग टेकू लागेपर्यंत पूर्ण भार देऊ नये. शूज उघडल्यावरची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे ना, हे फीलर गेजने (फटीत सरकवून मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावे. ती सहसा १ मि.मी.च्या आसपास असते, तथापि निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम समजावा. चाचणी आधी रिकाम्या हुकाने, मग हलक्या भाराने आणि शेवटी पूर्ण भाराने, जमिनीपासून थोड्याच उंचीवर घ्यावी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार उचलयंत्रांची १२ महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून संपूर्ण तपासणी आवश्यक होती; ती तशीच करून घेत राहावी. त्या तपासणीच्या नोंदवहीत या दुरुस्तीचीही नोंद करून घ्यावी.

प्रश्न : नारळी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही विंचच्या ब्रेकवर एकामागून एक नौका उतारावरून पाण्यात सोडतो. पहिली नौका अडखळत हलते आणि चौथी-पाचवी आवरत नाही. ड्रमवर पाणी मारले तर चालेल का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : पाणी मारू नये. तापलेले बीड अचानक थंड झाले की त्याला भेग पडते, आणि समुद्राचे पाणी असेल तर वर गंजही चढतो. २० टनांची नौका ४ मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ७८० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. ट्रॉलीच्या चाकांच्या घर्षणात जाणारा भाग वगळता ती सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन येते. ड्रम ४० किलोंचा असेल आणि उष्णता बाहेर गेली नाही असे धरले, तर एका नौकेमागे तो जवळजवळ ४० अंशांनी तापतो. म्हणजे पाचव्या नौकेला लायनिंगची पकड ढिली पडू लागणे स्वाभाविकच आहे. दोन नौकांमध्ये ड्रम थंड होऊ द्यावा आणि शक्य असेल तेथे विंच गिअरमध्ये ठेवून मोटरच्या गतीनेच नौका उतरवावी. ब्रेक शेवटी थांबवण्यासाठी राखावा.

पहिली नौका अडखळते, त्याचे कारण वेगळे आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात विंच उभा राहतो, ड्रम गंजतो आणि लायनिंग त्या गंजाला चिकटते. मग पहिल्या ओढीत त्याचे तुकडे निघतात. बंदीच्या काळात दर आठवड्याला, ट्रॉलीला लाकडी ठोकळे लावून आणि दोर सैल असताना, ब्रेक सोडवून ड्रम थोडा फिरवावा. ड्रमच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला ग्रीस कधीही लावू नये. झाकण ताडपत्रीचे असावे, पण खालून हवा खेळती ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या ब्रेकला आतूनच घाम फुटतो.

प्रश्न : जुन्या लायनिंगची भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवावी का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : अजिबात नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास पुढे कर्करोग होऊ शकतो. भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, तंतू अडवणारा श्वसनमुखवटा वापरावा, फडके व जुने लायनिंग पिशवीत बंद करून त्यावर तसे लिहावे आणि घातक कचरा म्हणून वेगळे ठेवावे. नवे लायनिंग घेताना ते ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे.