तासाला 200 दिरहम ऐकून एफडी मोडू नका, आधी तेरा विद्यार्थी मोजा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरातच पियानो-कीबोर्डचा क्लास, 22 मुलं, प्रत्येकी 1,500 फी म्हणजे महिन्याला 33,000, मिस्टर शिरोलीत नोकरीला, मुलगा तिसरीत, 6 लाखांची एफडी, थोडं सोनं, एक पीपीएफ आणि चालू भिशी. आणि दुबईतली मावसबहीण म्हणतीय की इथं पियानोच्या एका तासाला 200 दिरहम मिळतात, तू तिकडं दीड हजारात महिनाभर घसा कशाला कोरडा करतीस. तर एफडी मोडून आणि भिशी उचलून जाऊ का, असं विचारलंय.

बहीण खोटं बोलत नसेल. पण आपल्याकडं उसाला टनाला किती दर जाहीर झाला यावर कुणी घर बांधायला काढत नाही, खात्यावर बिल किती पडलं ते बघतो. इथं पण तसंच करू.

वर्षाचे आठवडे 52. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं उन्हाचा असा कहर असतो की शाळा बंद आणि निम्मी घरं आपापल्या गावाला, ते 8 आठवडे गेले. डिसेंबरची सुट्टी 3, मार्च-एप्रिलची 2, रमजान-ईद, मुलं आजारी, तुम्ही आजारी असे अजून 3 धरा. राहिले 36. एक विद्यार्थी आठवड्याला एक तास येणार, म्हणजे एका विद्यार्थ्याचे वर्षाला 7,200 दिरहम, बास.

आता खर्च, सगळे आकडे तुमच्याच पत्रातले. शेअरिंगमधली खोली 2,500, जेवणखाण-फोन 1,200, आणि प्रवास 1,000, कारण मेट्रो काय प्रत्येकाच्या दारात जात नाही, टॅक्सी करावीच लागणार. महिन्याला 4,700, वर्षाला 56,400. एजंटनं लायसन्स-व्हिसाचे 18,000 सांगितलेत. झाले 74,400 दिरहम. म्हणजे नुसतं तिथं जिवंत राहायला दहाच्या वर विद्यार्थी! वर कोल्हापुरातला क्लास बंद पडला की वर्षाचे 3,96,000 रुपये जाणार, दिरहम 24 रुपये धरला तर 16,500 दिरहम, ते भरून काढायला अजून सव्वादोन. तेरावा विद्यार्थी आला की तुम्ही आज जिथं आहात तिथंच पोचलात, फक्त पोरगं आणि नवरा सोडून.

हां, पण वीस झाले तर चित्र पालटतं हे पण सांगतो, घाबरवून घरी बसवायचं माझ्या मनात नाही. वीस विद्यार्थ्यांत खर्च जाऊन जवळपास 70,000 दिरहम हातात राहतात, साडेसोळा लाखांच्या वर, आणि तिथं पर्सनल इन्कम टॅक्स नाही. लई मोठी रक्कम आहे. फक्त वीस मुलं पहिल्या वर्षी येत नाहीत. तुम्हाला इथं 22 जमवायला सहा वर्षं लागली असं तुम्हीच लिहिलंय, ते पण माहेरच्या गल्लीत! आणि शिकवायची वेळ शाळा सुटल्यावर ते रात्री आठ एवढीच, त्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ट्रॅफिकमधून जायचं. पहिल्या वर्षी सरासरी दहा धरली तरी खर्चसुद्धा निघत नाही आणि तुटीला एफडीच लागणार.

बहिणीचा दुसरा सल्ला, आधी व्हिजिट व्हिसावर ये आणि शिकवायला चालू कर, हा तर अजिबात ऐकू नका. परवान्याशिवाय घरोघरी शिकवणं तिथं बेकायदेशीर आहे. 2023 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारनं खासगी शिकवणीचं दोन वर्षांचं मोफत परमिट आणलं ते खरं आहे, पण त्यानं राहायचा व्हिसा मिळत नाही, तो वेगळा लागतो.

त्यामुळं माझं मत, जायचंच असलं तर एखाद्या म्युझिक इन्स्टिट्यूटची नोकरी हातात घेऊन जा. पगार कमी वाटेल, पण व्हिसा आणि मेडिकल इन्शुरन्स मालकाचा, आणि एक वर्ष पूर्ण झालं की पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांच्या मूळ पगाराएवढी (बेसिक) ग्रॅच्युइटी. स्वतःच्या लायसन्सवर यातलं काहीच नाही. मात्र करारात बाहेर शिकवायला परवानगी आहे का ते सही करायच्या आधी वाचा.

तिथं सेकंडहँड लाकडी पियानो घ्यायचं डोक्यातनं काढा. बाहेर दमट, आत दिवसरात्र एसीची कोरडी हवा, यात साउंडबोर्डला, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या आतल्या लाकडी फळीला, चिरा जातात आणि ट्यूनिंग टिकत नाही. 88 वेटेड कीजचा (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) डिजिटल घ्या, खोली बदलताना पण बरा पडतो.

त्याच्या आधी एक करून बघा. दुबईची वेळ आपल्या दीड तास मागं. तुमचा क्लास सातला संपतो, साडेसातला तिथं सहा वाजलेले असतात. बहिणीला म्हणा, तुझ्या बिल्डिंगमधली पाच मुलं ऑनलाइन दे, अर्ध्या दरानं का होईना. सहा महिन्यांत पाच टिकली तर नोकरी शोधायला लागा. बहिणीला पाच पण जमली नाहीत तर तेरा कुठून येणार? आणि तुमचं ट्रिनिटीचं (लंडनचं संगीत परीक्षा मंडळ) ग्रेड 8 झालंय, तर एफडीतले थोडे पैसे त्यांच्याच टीचिंगच्या एटीसीएल डिप्लोमावर घालवले तर मला चालेल, तो इथंही उपयोगी पडेल.

जाणं ठरलंच तर सेव्हिंग अकाउंट एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या, तिथली कमाई एनआरई खात्यात पाठवा, त्याचं व्याज टॅक्स-फ्री. पीपीएफ मॅच्युरिटीपर्यंत चालू ठेवता येतं, पुढं वाढवता येत नाही. तुमचं अजून चार वर्षं आहे, राहू दे तसंच.

भिशी मात्र उचलू नका. उचलून गेलात तर उरलेले हप्ते मिस्टरांच्या पगारातनं जाणार, आणि पत्रात तुम्ही लिहिलंय की त्यांना अजून सगळं सांगितलेलं नाही. ते आधी सांगा, मग मला त्यांच्या पगाराची स्लिप आणि घराच्या हप्त्याचा आकडा पाठवा, पत्रात तो कुठंच नाही.