भिजायचं सोडा, सुकायचं बघा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फराळाचे प्रश्न दोन आणि सहलीचे दहा, असं दरवर्षीचं आहे. यंदा त्यातले निम्मे पाण्याच्या राईड्सचे. चार महिने पावसात काढणारी माणसं आपण, आपल्याला भिजण्याचं काय शिकवणार असं मलाही वाटायचं. एकदा राईडवर बसले आणि कळलं की ते पाणी वेगळं वागतं.

प्रश्न : ताई, मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई असे चिपळूणहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला चाललोय. तिथे काही राईडवर खूप भिजतात म्हणे. पावसाळ्यातले रेनकोट आहेतच, ते नेले तर चालेल ना? आणि काय काय घेऊ? – एक आई, चिपळूण

उत्तर : रेनकोट राहू देत खुंटीवर. पाऊस वरून पडतो हो, राईडचं पाणी समोरून येतं, खालून येतं, शेजारच्याच्या अंगावरूनही येतं. उतारावरून बोट धाडकन खाली येते आणि पाण्याची भिंत उडते ना, ती नुसती शोभेची नसते, बोटीचा वेग त्या पाण्यावर आपटूनच मारायचा असतो, म्हणजे तो ब्रेकच आहे आणि त्या ब्रेकच्या तोंडावर तुम्ही बसलेल्या! शिवाय सीटवर आधीच्या फेरीचं पाणी साचलेलं असतं, त्यामुळे बोट सुटायच्या आधीच बूड ओलं. माझी आजी इरलं, म्हणजे पानांचं पावसाळी टोपरं, डोक्यावर घेऊन भाताच्या लावणीला जायची, वाकून काम करणाऱ्याला त्यासारखं दुसरं काही नाही, पण या राईडवर तीसुद्धा इरल्यासकट भिजली असती.

आणि खरं सांगू का, भिजण्याचा त्रास नसतोच, त्रास असतो तो नंतरच्या पाच तासांचा. मी स्वतः भोगलंय. कॉलेजात असताना एका पार्कात जीन्स घालून गेले आणि आत शिरल्या शिरल्या पहिली राईड घेतली ती पाण्याचीच, उत्साह दुसरं काय. जीन्स इतकं पाणी धरते की मांड्यांवर कोणी ओलं गोणपाट बांधल्यासारखं वाटतं. दुपारपर्यंत मांड्या सोलवटल्या, मी बदकासारखी चालतेय आणि मैत्रिणी हसतायत. संध्याकाळी यष्टीत बसले तर कंडक्टरने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सीटकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, उतरताना तेवढी सीट पुसून जावा." पंधरा वर्षं होऊन गेली, अजून लाल डबा दिसला की मला तो माणूस आठवतो.

तर तयारी सुकण्याची करा. अंगात पातळ सिंथेटिक काहीतरी, ट्रॅक पँट, मुलांची क्रिकेटची जर्सी असं, ते पाणी धरत नाही. प्रत्येकाचा कोरडा जोड आतल्या कपड्यांसकट वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवा. आतल्या कपड्यांसकट म्हणतेय कारण नेमके तेच विसरतात आणि मग वरून कोरडे आतून ओले असे दिवसभर हिंडतात. जाडजूड टर्किश टॉवेल नको, घरातला पंचा न्या, अंगही पुसतो आणि पिळून झाडावर टाकला की सुकतोही. मांड्यांना आतून आणि काखेत निघायच्या आधीच व्हॅसलिन लावा, नसेल तर खोबरेल. पायात मोजे-बूट नकोत, ओल्या मोज्यात फोड येतात, मागे पट्टा असलेले सँडल बरे.

राईडचा क्रम पण महत्त्वाचा. कोरड्या राईड्स आणि जेवण आधी उरकून घ्या, पाण्याच्या दुपारी दोन-अडीचला. फार उशीर नको, अंधार पडायला लागला की ओल्या अंगाला वारा झोंबतो. मुलांना डायनासोरचं वेड असेल तर तिथल्या राजासॉरसच्या बोटीवर ती बसणारच, तेव्हा रांगेत उभं असताना सांगा की राजासॉरस हा काल्पनिक नाही, गुजरातमध्ये त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं, तेवढीच रांग पुढे सरकते. सासूबाईंना पाठीचं किंवा हृदयाचं काही असेल तर राईडच्या तोंडाशी लावलेला बोर्ड आधी वाचा, भिडेखातर बसवू नका.

जाताना वाकण फाट्यावरून आत वळालच, तर पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन जातानाच घ्या. येताना ओलेती मुलं घेऊन देवळात काय जाणार! आणि परतीला गाडीतला एसी बंद.

प्रश्न : माझ्या फोनवर आयपी ६८ लिहिलंय म्हणजे वॉटरप्रूफ ना? राईडवर शूट करायचंय, नंतर तारकर्लीला बनाना बोटवरही. – एक रीलवाला, देवगड

उत्तर : बाबा रे, ते ६८ म्हणजे ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा आकडा. ती टेस्ट होते गोड्या, स्वच्छ, स्थिर पाण्यात, नव्या कोऱ्या फोनवर. तुझा फोन दोनदा पडलेला असणार, त्याचं आतलं सील कसं राहिलंय देव जाणे. त्यात पार्कात क्लोरीन आणि तारकर्लीला मीठ, दोन्ही त्या टेस्टमध्ये नसतात. पाणी शिरून बिघडला तर वॉरंटीत सहसा बसत नाही, तेव्हा हात वर.

बनाना बोटवाले शेवटी मुद्दाम पालथी करतात, मजा तीच असते, त्यामुळे तिथे फोन किनाऱ्यावरच्या कोणाकडे तरी देऊन जा. फोनचं वॉटरप्रूफ पाऊच घेणार असलास तर आधी आत टिश्यू घालून बादलीत अर्धा तास बुडवून ठेव, टिश्यू कोरडा निघाला तरच फोन घाल. आणि भिजलाच तर तांदळाच्या डब्यात खुपसू नको, अ‍ॅपलनेसुद्धा नको म्हणून सांगितलंय, बारीक कण आत जातात. बंद कर, चार्जिंगला लावू नको, हवेशीर ठेव. तांदूळ भातालाच राहू दे.

प्रश्न : वॉटर पार्कवाले सुती टी-शर्ट लेगिंगवर पाण्यात सोडत नाहीत, नायलॉनचाच कॉस्च्युम पाहिजे म्हणतात. भाड्याने द्यायचे म्हणून का? – दोघी बहिणी, लांजा

उत्तर : भाड्याचा धंदा आहेच, नाही कशाला म्हणू. पण कारणही आहे. सुती कपड्याचे धागे सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात, कपडा पाणी पिऊन जड होतो, आणि चेन-बटणं स्लाईडला ओरखडे पाडतात, तोच ओरखडा पुढच्याच्या पाठीला लागतो. वर्षातून दोनदा जाणार असाल तर स्वतःचा घ्या, दुसऱ्याचा ओला कॉस्च्युम चढवणं मला तरी जमत नाही.

जायच्या आधी केस साध्या पाण्याने भिजवून वर खोबरेल चोपडा, केसांनी आधीच पाणी प्यालं की क्लोरीनचं पाणी कमी शिरतं. चांदीची पैंजणं, खोटे दागिने घरी. कॉन्टॅक्ट लेन्स तर नकोच नको, डोळ्याला इन्फेक्शन होऊ शकतं. आणि डोळे चुरचुरतात, वास मारतो म्हणजे क्लोरीन जास्त झालं असं सगळे म्हणतात, पण तो वास क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळल्यावर येतो. तेव्हा आधी शॉवर घ्या आणि लहानांना आधी बाथरूमला नेऊन आणा.

प्रश्न : नेमकी पाळीची तारीख त्याच दिवशी आलीय. पाण्यात थांबते म्हणतात, खरं का? – नाव नको, कणकवली

उत्तर : थांबत नाही गं, पाण्याच्या दाबाने बाहेर कमी येतं इतकंच, बाहेर पडलीस की पुन्हा सुरू. पॅड पाण्यात उतरायला निरुपयोगी, ते तलावाचंच पाणी पिऊन फुगतं. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप चालतो, पण आधी वापरला नसशील तर पहिला प्रयोग तिथल्या चेंजिंग रूममध्ये नको, बाहेर दहाजणी दार ठोठावत असतात. आदल्या महिन्यात घरी करून बघ. नुसत्या बोटीच्या राईडवर बसायचं असेल तर पॅड चालेल, फक्त उतरल्या उतरल्या बदल. आणि नाही जावंसं वाटलं तर नको जाऊस.

प्रश्न : नातवंडं ओढून नेणार आहेत. मला अजिबात भिजायचं नाही. बोटीत कुठे बसू? – एक आजोबा, अलिबाग

उत्तर : आजोबा, बोटीत बसूच नका. पुढे बसलात तर लाट तोंडावर, मागे बसलात तर पुढच्यांच्या डोक्यावरून, आणि गोल बोट असली तर ती फिरतच राहते, कोणाची पाळी कधी येईल सांगता येत नाही. बाहेर उतारासमोर पूल असेल तर त्यावरही उभे राहू नका, तिथे उभी माणसं फोटो काढत असतात आणि बोट आली की बोटीतल्यांपेक्षा तीच जास्त भिजतात. लांब बाकडं बघा. सगळ्यांचे चष्मे, घड्याळं आणि चपला सांभाळायला कोणीतरी लागतंच, आणि भजीची प्लेटही कोणीतरी धरायला हवी.