कोल्हापुरात राहतो, उंची 5 फूट 8 इंच, तिरंदाजी नव्याने शिकतोय. 40 पौंडांचं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेऊ का? पुढे शिकारीलाही चालेल ना?

40 पौंडांचं आत्ता नको, 68 इंची सुटं होणारं रिकर्व्ह घ्या आणि ताण, म्हणजे ते पूर्ण ओढायला लागणारा जोर, 20 ते 24 पौंडांचाच ठेवा. नवशिक्यांना शिकवताना हे नेहमी दिसतं: जड धनुष्य पूर्ण ओढलं की पुढचा हात थरथरतो, खांदा कानाकडे चढतो आणि नेम लागायच्या आधीच बोटं सुटतात. ही खोड मोडणं फार अवघड जातं. सुट्या धनुष्यात मधला रायझर (मुठीचा भाग) तोच राहतो, ताकद वाढली की फक्त लिम्ब (वर-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या) बदलायचे. 25 इंची रायझर आणि मीडियम लिम्ब मिळून 68 इंच होतात. लिम्बवरचे पौंड साधारण 28 इंच ओढीला मोजलेले असतात. तुमची ओढ इंचभर कमी असेल तर हाताला दोनेक पौंड कमीच येतात. फक्त घेण्याआधी प्रबळ डोळा (नेम धरताना ज्यावर जास्त भिस्त असते तो) कोणता ते तपासा, डावा असेल तर डाव्या हाताने दोरी ओढायच्या धनुष्याचा विचार करा.

शिकारीचं मात्र डोक्यातून काढाच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मुळे राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातच काय, उसात शिरलेल्या रानडुकरावरही परवानगीशिवाय बाण सोडणं गुन्हा आहे.