बक्कलपासून फ्लोअरपर्यंत

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

चाकणची सीट कंपनी की बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री, डिझाइनचं कॅटिया शिकू की ताण तपासायचं हायपरमेश, यावर दोन पानं लिहिलीस. सीटबद्दल मात्र एक ओळ नाही. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येतं. बेल्टचा भार कुठून कुठे जातो हे बोट ठेवून सांगता आलं नाही, तर सॉफ्टवेअरची ती रंगीत ताणचित्रं भिंतीला लावायच्या कामाची.

आकडे घे. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१४ या बेल्टच्या जोडांच्या नियमानुसार चाचणीत कारच्या बेल्टचा छातीचा पट्टा १३,५०० न्यूटनने आणि मांडीचा पट्टा तेवढ्यानेच, एकदम ओढतात. बेल्टचं एक जरी टोक सीटवर असलं तर वर सीटच्या वजनाच्या २० पट. १८ किलोच्या सीटचे साडेतीन हजार धर. झाले साडेतीस हजार, म्हणजे तीन टनांच्या वर, आणि ते ०.२ सेकंद पेललं पाहिजे. वाकलं तर चालतं, सुटलं तर नाही.

आता बोट ठेव. बेल्ट अडकवायचं बक्कल, त्याचा ब्रॅकेट, सीट सरकते त्या ट्रॅकचं वरचं रेल, खालचं रेल, बोल्ट, फ्लोअर. नेहमीच्या कारमध्ये बक्कल आतल्या, म्हणजे गाडीच्या मधल्या बाजूला, म्हणून सीटच्या दोन ट्रॅकपैकी आतल्याचं रेल जास्त ओढलं जातं. पुढचा बोल्ट दाबला जातो, मागचा उपटला जातो. वरच्या रेलच्या कडा उलगडल्या की ते खालच्यातून निसटतं. सीट सगळी मागे ठेवून चाचणी पास झाली म्हणून पुढे सरकवल्यावर होईलच असं नाही.

वेल्डही तसंच. जास्त ताकदीच्या पत्र्यात वेल्डशेजारची तापलेली पट्टी मऊ पडते. तडा तिथे जातो. वेल्डचं सुरुवातीचं नि शेवटचं टोक ओढीच्या जागी येऊ देऊ नकोस. आणि तुटलं की लगेच १.२ मिलिमीटरचा पत्रा १.६ करणारे भेटतील. मीही कमी केलं नाही ते, त्याचं वाईट वाटतं. जाड भाग वाचतो, पुढचा दुबळा भाग फाटतो, वर वजन वाढलं की २० पटही वाढते. आधी भार कुठून कुठे जातो ते सांग, मग जाडीचं बोलू. मला हट्टी म्हणतात. म्हणोत, रेल निसटल्यावर तेच विचारायला येतात.

फोमला हलकं समजू नकोस. बसायची बाजू पुढून मऊ असली तर माणूस बेल्टखालून घसरतो, पट्टा कमरेच्या हाडावरून पोटात चढतो. म्हणून गादीखालच्या पत्र्याला पुढे उंचवटा देतात.

भंगारवाल्याकडून जुनी सीट आण. एअरबॅगचं लेबल असलेली नको, बक्कलला बारूदवाला प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट खेचून घट्ट करणारा) असेल तीही नको. आधी वजन कर. कव्हरच्या रिंगा पक्कडीने काढ, फोम उतरव, सांगाडा उघडा कर. मग खडूने बक्कलपासून बोल्टपर्यंत रेघ ओढ. वाटेतलं प्रत्येक वेल्ड नि जोड मोज, व्हर्नियरने पत्र्याची जाडी लिही. रेघ जिथे अडखळेल तिथे गोल कर.

फोटो पाठव. रविवारी दुपारी फोन नको, झोपलेला असतो.