वाचकांचे प्रश्न : घरच्या गाडीदुरुस्तीसाठी टिकाऊ रॅचेट

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्याकडे जुनी छोटी पेट्रोल गाडी असून ऑइल बदलणे, ब्रेक पॅड घालणे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणे ही कामे मी घरीच करतो. मध्यंतरी पुढच्या ब्रेकचा गंजलेला बोल्ट सैल करताना गोटी (सॉकेट) सेटमधल्या रॅचेटचे, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी पान्याचे, दात सटकले आणि हात मडगार्डच्या कडेवर आपटला. आता पुष्कळ वर्षे टिकेल असे रॅचेट घ्यायचे आहे. जितके दात जास्त तितके रॅचेट चांगले, असे दुकानदार सांगतो. हे खरे आहे का? कोणते माप घ्यावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : दुकानदार सांगतो त्यात अर्धे तथ्य आहे. दातांच्या संख्येवरून रॅचेट किती अडचणीच्या जागी चालेल हे कळते, मात्र ते किती टिकेल हे कळत नाही. ७२ दातांचे रॅचेट दर ५ अंशांना पुढचा दात पकडते, तर २४ दातांच्या रॅचेटला त्यासाठी १५ अंश फिरावे लागते. दांडा २५ सेंटीमीटर लांब असेल, तर पहिल्याच्या मुठीला सुमारे २ सेंटीमीटर आणि दुसऱ्याच्या मुठीला साडेसहा सेंटीमीटर जागा लागते. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधल्या अरुंद फटीत हात घालून काम करणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

टिकाऊपणाचा प्रश्न रॅचेटच्या डोक्यात, म्हणजे आतल्या यंत्रणेत असतो. गोटी बसवण्याचे चौकोनी टोक एका दातेरी चक्राला जोडलेले असते आणि स्प्रिंगच्या दाबाने एक खिटी त्या चक्राच्या दातांत अडकून राहते. आपण जोर लावतो त्या दिशेने खिटी दात धरून ठेवते, उलट दिशेने ती दातांवरून घसरत जाते आणि तोच टकटक आवाज आपल्याला ऐकू येतो. दांड्यावर लावलेला सारा जोर त्या क्षणी खिटीत अडकलेल्या मोजक्या दातांवर येतो. त्याच व्यासाच्या चक्रावर दात वाढवले की प्रत्येक दात बारीक होतो. म्हणून चांगले कारखाने दात वाढवताना खिटीही रुंद आणि चक्राच्या गोलाईला जुळणारी करतात, जेणेकरून एका वेळी अनेक दात पकडले जावेत. जिथे खिटी जुन्याच मापाची ठेवून दातांचा आकडा तेवढा वाढवला जातो, तिथे बारीक दात लवकर झिजतात आणि नेमके जोराच्या वेळी सटकतात. काही रॅचेटांवर १२० हा आकडा दिसतो. अशा काही रॅचेटांत चक्राला ६० दात असून दोन खिट्या आळीपाळीने ते पकडतात, त्यामुळे दात फार बारीक न करता ३ अंशांची हालचाल मिळते. हा मार्ग मला पटतो, पण अशी यंत्रणा उघडून साफ करताना अधिक काळजी घ्यावी लागते.

मापाविषयी, म्हणजे गोटी बसवण्याच्या चौकोनी टोकाच्या रुंदीविषयी, माझे मत स्पष्ट आहे. आपल्या कामासाठी सर्वांत आधी ३/८ इंची, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला तीन सुती म्हणतात ते रॅचेट उत्तम प्रतीचे घ्यावे, कारण छोट्या गाडीवरची १० ते १७ मिलिमीटर डोक्याच्या नटबोल्टांची बरीचशी कामे त्याने होतात. पाव इंची रॅचेट डॅशबोर्ड, एअर फिल्टरची पेटी आणि क्लिपा यांच्यासाठी सोयीचे असते. ते नंतर घेतले तरी चालते. अर्धा इंची माप चाके, सस्पेन्शन आणि ब्रेकचे मोठे बोल्ट यांच्यासाठी लागतेच. पण त्या मापात रॅचेट घेण्याआधी ब्रेकर बार घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्या हाताला लागले त्याचे कारण याच ठिकाणी आहे, असे मला वाटते. गंजलेला बोल्ट सैल करणे हे रॅचेटचे काम नाही. ब्रेकर बारमध्ये दातही नसतात आणि खिटीही नसते. लांब दांड्याच्या टोकाला हलणारे चौकोनी टोक एवढीच त्याची रचना असते आणि त्यामुळे त्यात सटकण्यासारखे काही नसते. २० सेंटीमीटरच्या रॅचेटवर ४० किलोचा जोर लावला तर सुमारे ८० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) मिळतो. ६० सेंटीमीटरच्या ब्रेकर बारवर ३० किलोचाच जोर लावला तरी तो १७५ न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. आधी बोल्टावर गंज सोडवणारे तेल मारून ते मुरू द्यावे, सहा कोनी गोटी बोल्टाच्या डोक्यावर पूर्ण बसवावी, ब्रेकर बारने बोल्टाची पकड मोडावी आणि तो सहज फिरू लागला की मगच रॅचेट लावावे. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते खरी, पण गंजून झिजलेल्या डोक्यावर तिचे कोपरे घसरतात. जोर नेहमी स्वतःकडे ओढून लावावा. ढकलण्यावाचून गत्यंतर नसेल तर मूठ न वळता उघड्या तळहाताने ढकलावे, म्हणजे बोल्ट अचानक सुटला तरी बोटांची हाडे लोखंडावर आपटत नाहीत. चाक काढून काम करताना गाडी केवळ जॅकवर ठेवू नये, खाली स्टँड लावावेत, हे आपल्याला ठाऊक असेलच. तरीही लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता दुकानात काय पाहावे ते सांगतो. रॅचेटला घट्ट बसणारी गोटी लावून ती दोन बोटांच्या चिमटीत अगदी हलकी धरावी आणि दांडा उलट दिशेने फिरवावा. चांगल्या रॅचेटमध्ये गोटी बोटांत जागच्या जागी राहते आणि दांडा टकटक करत मागे जातो. गोटीही दांड्याबरोबर फिरू लागली, तर आतला अडसर जास्त आहे असे समजावे. असे रॅचेट सैल झालेला नट प्रत्येक फेरीत पुन्हा मागे नेते आणि अरुंद जागेत त्याचा उपयोग होत नाही. नंतर गोटी दुसऱ्या हातात घट्ट धरून दांड्याला जोर द्यावा, एक दात पुढे जावे, पुन्हा जोर द्यावा, आणि असा पूर्ण फेरा करावा. प्रत्येक दातावर पकड सारखीच लागली पाहिजे. एखाद्या ठिकाणी जोर देताच खट्ट आवाज होऊन दांडा निसटला, तर तो नग परत ठेवावा. दिशा बदलण्याची कळ दोन्ही बाजूंना ठामपणे बसते का आणि काम करताना तळहात लागून ती आपोआप फिरण्याचा संभव आहे का, हेही पाहावे. चौकोनी टोक थोडेसे हलते ते चालते, डोक्यात डुगडुगता कामा नये.

यानंतर डोक्याची मागची बाजू पाहावी. तिथे स्क्रू किंवा काढता येणारी सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) असेल तर ते रॅचेट उघडते; झाकण रिव्हेटने कायमचे बंद केलेले असेल तर आतली पन्नास पैशांची स्प्रिंग तुटली तरी संपूर्ण रॅचेट टाकून द्यावे लागते. ज्या कंपनीचे चक्र, खिटी आणि स्प्रिंग यांचा दुरुस्ती संच सुटा मिळतो, तिचे रॅचेट थोडे महाग असले तरी घ्यावे. स्नॅप-ऑन, कोकेन, स्टालविले, गेडोरे या परदेशी नावांची ख्याती उगाच झालेली नाही. पण घरच्या कामासाठी तेवढा खर्च करणे प्रत्येकाला आवश्यक नाही. टपारिया, स्टॅनली यांसारखी इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत नेहमी दिसणारी नावे किंवा तैवानमधील किंग टोनी यांमध्येही वरच्या कसोट्यांना उतरणारा नग हाताने पारखून निवडता येतो. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही पोलादाच्या मिश्रधातूची अक्षरे जवळपास प्रत्येक रॅचेटवर कोरलेली असतात, तेव्हा तेवढ्यावरून निर्णय करू नये. आयएसओ ३३१५ या रॅचेट व हँडलांविषयीच्या मानकाचा उल्लेख असेल तर मात्र त्याला वजन द्यावे, कारण त्यात प्रत्येक मापाने किती पीळ सोसला पाहिजे हे ठरवून दिलेले आहे : पाव इंचीसाठी सुमारे ६०, ३/८ इंचीसाठी सुमारे २०० आणि अर्धा इंचीसाठी सुमारे ५०० न्यूटन-मीटर.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून जवळ आहे. पावसाळाभर गाडीच्या डिकीत राहिलेले रॅचेट आता फिरतच नाही, वरच्या क्रोमलाही पापुद्रे आले आहेत. ते वाचवता येईल का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : ते उघडणारे असेल तर वाचवता येण्याची बरीच शक्यता आहे. रॅचेट मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत ठेवून पिशवीतच उघडावे, कारण खिटीमागची स्प्रिंग आणि काही रचनांमधली बारीक गोळी झाकण निघताच उडते आणि मग ती शोधण्यात संध्याकाळ जाते. उघडल्याबरोबर मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावे. खिटीची कोणती बाजू वर होती हे नंतर आठवत नाही. सुटे भाग रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवावेत आणि जुन्या टूथब्रशने दातांच्या मुळाशी साठलेला गंज व माती काढावी. दातांच्या कडा धारदार राहिल्या असतील तर यंत्रणा अजून कामाची आहे. कडा गोल झाल्या असतील, तर दुरुस्ती संच मिळवावा किंवा रॅचेटचा मोह सोडावा, कारण गोल कडांचे रॅचेट केव्हा सटकेल याचा भरवसा नसतो.

जोडताना आत चाकाच्या बेअरिंगचे दाट ग्रीस कोंबण्याची चूक अनेकजण करतात. दाट ग्रीसमुळे खिटी स्प्रिंगच्या दाबाला वेळेवर दाद देत नाही, दात अर्धवट पकडला जातो आणि त्याच अवस्थेत जोर आला की दाताचा टवका उडतो. बारीक दातांच्या रॅचेटला हा धोका अधिक असतो. पातळ ग्रीसचा अगदी पुसट थर किंवा शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरेसे होतात. डब्ल्यूडी-४० गंज सैल करायला आणि पाणी हटवायला चांगले आहे, पण ते लवकर उडून जाते. त्याने धुतल्यावर तेल घालावेच लागते.

क्रोमचे पापुद्रे मात्र हातमोजे घालून काढावेत, ते पात्यासारखे कापतात. उघडे पडलेले पोलाद पुन्हा गंजणार, तेव्हा त्यावर तेलाचा हात फिरवत राहावे. आपल्याकडची हवा खारी आहे आणि जून ते सप्टेंबर या काळात ती ओलावा सोडत नाही, म्हणून डिकी ही हत्यारांची जागा नव्हे. गोटी सेटच्या प्लास्टिकच्या खोक्यातील खाचांत आणि स्पंजमध्ये ओल साठून राहते. ओले हत्यार पुसल्यावाचून त्यात ठेवले की खोके बंद असल्यामुळेच ते अधिक गंजते. पुसावे, तेलाच्या फडक्यात गुंडाळावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घरात ठेवावे. रंग बदलणारे जेल घेतल्यास ओल कधी भरली ते कळते आणि ते तापवून पुन्हा वापरता येते.

प्रश्न : शंभराहून अधिक नगांचा गोटी सेट सवलतीत मिळतो आहे. सुटी हत्यारे घेण्यापेक्षा तो बरा नाही का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : त्या नगांपैकी स्क्रूड्रायव्हरचे बिट किती आणि इंचांच्या मापाच्या गोट्या किती, ते आधी मोजावे. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांना मिलिमीटरची मापे लागतात. चाकांचा नट मारुतीच्या अनेक गाड्यांत १९ आणि ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत २१ मिलिमीटरचा असतो. ही दोन्ही मापे सेटमध्ये नसतील तर मोठ्या आकड्याला अर्थ नाही. गोट्या ठीक वाटल्या तर सेट घ्यावा, पण त्यातल्या रॅचेटला हलक्या कामापुरतेच ठेवून ३/८ इंची रॅचेट वेगळे घ्यावे.

प्रश्न : ट्रक दुरुस्तीच्या एका बंद झालेल्या गॅरेजमधून वापरलेली अर्धा इंची आणि पाऊण इंची रॅचेट स्वस्तात मिळत आहेत. घ्यावीत का? नट फारच घट्ट असेल तर दांड्यावर नळी चढवून वापरली तर चालेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : पाऊण इंची रॅचेट घरच्या मोटारीसाठी जड आणि अनावश्यक आहे, ते सोडून द्यावे. अर्धा इंची जरूर पाहावे, कारण जुने जाड दातांचे चांगले पोलाद नव्या हलक्या मालापेक्षा सरस निघू शकते. मात्र ज्या रॅचेटवर आधीच्या मालकाने नळी चढवली असेल ते घेऊ नये. याची खूण अशी की दांड्याच्या टोकाशी नळीच्या कडेचे ओरखडे किंवा चेपलेला भाग दिसतो, दांडा डोक्याजवळ किंचित वाकलेला असतो आणि चौकोनी टोकाचे कोपरे एका बाजूला पीळ पडल्यासारखे दिसतात. चौकोनाच्या मुळाशी नख फिरवावे. भेगेत नख अडकले तर ते रॅचेट भंगारातच जाऊ द्यावे.

यात आपल्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आले. ७० किलो वजनाचा माणूस एक मीटर लांबीच्या नळीच्या टोकावर भार देऊन उभा राहिला, तर जवळजवळ ६९० न्यूटन-मीटर पीळ तयार होतो, आणि वर सांगितलेल्या मानकात अर्धा इंची रॅचेटकडून सुमारे ५०० ची अपेक्षा आहे. रॅचेटवर नळी चढवू नये. तेवढा पीळ लागलाच तर लांब ब्रेकर बार घ्यावा, आणि चाकांचे नट पुन्हा आवळताना गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून टॉर्क रेंच (ठरवलेल्या पिळापर्यंतच आवळणारा पाना) वापरावा. छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. टॉर्क रेंचने नट सैल करू नयेत, त्याचे मोजमाप बिघडते. काम झाल्यावर त्याची खूण सर्वांत खालच्या आकड्यावर आणून मगच तो पेटीत ठेवावा.