गोव्यातल्या मोपा विमानतळावर कुठला पासपोर्ट दाखवू?

प्रश्न : वकीलसाहेब, मी खानापूर तालुक्यातला, वय ३९. आईचं माहेर गोव्यातल्या सत्तरीतलं, जन्म १९५५ चा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. म्हापशाच्या एका एजंटामार्फत आधी आईची आणि मग माझी जन्मनोंद लिस्बनला झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. आईने पासपोर्ट काढलेला नाही. माझा भारतीय पासपोर्ट २०१७ चा, २०२७ पर्यंत चालतो. त्यावर २०२४ मध्ये एकदा दुबईला जाऊन आलो. आता मावसभाऊ इंग्लंडमधल्या स्विंडनला आहे, त्याच्याकडे कामाला जायचं आहे. एजंट म्हणतो, मोपावर निघताना भारतीय दाखवा, दुबईत पोर्तुगीज काढा, परत येताना उलट करा. वडिलांच्या मागे मिळालेली तीन एकर जमीन माझ्या नावावर आहे. भारतीय पासपोर्ट परत दिला तर ती जाईल असं घरचे म्हणतात. नऊ वर्षांच्या मुलीचीही नोंद करून घ्यायची आहे. काय करावं?

उत्तर : एजंट सांगतो ती युक्ती बऱ्याचदा चालते. काउंटरवरचा माणूस शिक्का मारतो, प्रवासी विमानात बसतो, आणि पुढच्या वेळी तेच करायला धजावतो. घोटाळा तिथेच होतो, कारण प्रत्येक फेरी तुमच्याविरुद्धचा एक पुरावा होऊन बसते आणि तो पुरावा तुमच्याच पासपोर्टच्या पानांवर असतो.

आपल्या भागातल्या लोकांना दोन दगडांवर पाय ठेवायची सवय आहे. घर खानापुरात, शेत चंदगडात, मुलं कोल्हापूरला, रेशनकार्ड कर्नाटकाचं. दोन राज्यांत हे खपतं, कारण नागरिकत्व दोन्हीकडे एकच. दोन देशांच्या बाबतीत भारताचा कायदा ही मुभा देत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. त्यासाठी आदेश निघावा लागत नाही, नोटीस यावी लागत नाही. पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व मान्य करतो हे खरं, पण त्याने आपला कायदा बदलत नाही.

यावर माझ्याकडे येणारे पक्षकार एक ठरलेला मुद्दा मांडतात. आम्ही नवीन काही घेतलं नाही, आई जन्मानेच पोर्तुगीज होती, लिस्बनला फक्त नोंद झाली. मुद्दा अगदीच पोकळ नाही. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना भारतीय नागरिक मानलं गेलं, आणि पोर्तुगालनेही त्या लोकांसाठी आपलं दार उघडं ठेवलं. निव्वळ जन्मनोंदीने भारतीय नागरिकत्व जातं का, यावर वाद घालता येतो, आणि तुमच्या आईच्या बाबतीत तो घालावाच लागेल. असा प्रश्न आला तर कलम ९ (२) प्रमाणे केंद्र सरकार चौकशी करून ठरवतं. पण तुम्ही एक पाऊल पुढे गेला आहात. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की परदेशाचा पासपोर्ट मिळवणं हा त्या तारखेपूर्वी तिथलं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा आहे. निर्णायक म्हणजे त्याविरुद्ध दुसरा पुरावा ऐकूनच घेतला जात नाही. असा नियम टिकतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता आणि १९६२ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. म्हणून तुमच्यापुरता वाद ऑगस्ट २०२३ मध्येच संपला. आईला मात्र निक्षून सांगा, पोर्तुगीज ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांपैकी काहीही काढू नका. एजंट मागे लागेल, त्याला पैसे त्यातच मिळतात.

आता विमानतळाचं. भारतीय पासपोर्ट दाखवून बाहेर पडायचं तर विमान कंपनी आधी युरोपचा व्हिसा मागणार, म्हणून एजंट दुबईचं वळण घालतो. पोर्तुगीज पासपोर्ट दाखवून बाहेर पडायचं तर त्यावर भारताचा व्हिसा नाही, आत आल्याचा शिक्काही नाही. मग अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, तुम्ही भारतात आलात कसे? खरं उत्तर, मी इथेच जन्मलो, आणि ते दिलं की दुसरा पासपोर्ट टेबलावर येतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला जाऊन तिथून निघालात तरी फरक नाही, तपासणी मुंबईत होईल एवढंच.

परत येण्याची बाजू जास्त कडक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा १९४६ चा जुना कायदा जाऊन इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय आत आल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोर्तुगीज नागरिक भारतीय पासपोर्टवर आत आला, हे त्या कलमात बसवायला सरकारी वकिलाला फार डोकं लावावं लागणार नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात नाजूक तारीख मात्र २०२७ ची आहे. तुमचा भारतीय पासपोर्ट २०१७ चा, म्हणजे तो घेताना तुम्ही निखळ भारतीय होता आणि काही लपवलेलं नव्हतं. याची किंमत ओळखा. गोव्यात गेल्या काही वर्षांत अनेकांचे पासपोर्ट थेट रद्द झाले, कारण लिस्बनची नोंद झाल्यावर त्यांनी ती लपवून भारतीय पासपोर्ट घेतला किंवा नवा करून घेतला होता. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ (१-अ) प्रमाणे भारतीय नसलेल्याने राष्ट्रीयत्व लपवून पासपोर्टसाठी अर्ज केला तर किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजारांपर्यंत दंड. यात शिक्षा अर्जालाच आहे, पासपोर्ट हातात पडायची गरज नाही. आज तुमच्या खात्यावर एक चुकीचा प्रवास आहे. नूतनीकरणाचा अर्ज केलात की गुन्हा वेगळ्याच पायरीवर जातो, आणि तिथून ओसीआयची, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाची, वाटही अवघड होते.

म्हणून भारतीय पासपोर्ट आपणहून परत करा आणि सरेंडर प्रमाणपत्र घ्या. बेळगाव जिल्हा बेंगळुरूच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. आईचं माहेर गोव्यात म्हणून पणजीला अर्ज करायचा नसतो, तुमचा पत्ता खानापूरचा आहे. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून होतो. दुबईचा प्रवास विचारला जाईल, तो तारखेसकट सांगा. नागरिकत्व गेल्यावर केलेल्या प्रवासासाठी दंड आकारतात, तो भरा आणि पावती जपून ठेवा. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्टवर इथे राहण्याची किंवा बाहेर जाण्याची परवानगी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून ऑनलाइन घ्यावी लागते. ती हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. मग मोपावर पोर्तुगीज पासपोर्ट आणि ती परवानगी दाखवायची, लिस्बनला पोर्तुगीज, परततानाही पोर्तुगीज, सोबत व्हिसा किंवा ओसीआय कार्ड.

ओसीआय तुम्हाला मिळू शकतं. पूर्वी भारतीय नागरिक असलेल्याला नागरिकत्व कायद्याचं कलम ७-अ त्यासाठी पात्र ठरवतं. भारतातून अर्ज केला तर शुल्क पंधरा हजार रुपये. घाई असेल तर बाहेर पडून लिस्बनच्या भारतीय दूतावासातूनही अर्ज करता येतो. या कार्डावर आयुष्यभर कितीही वेळा येता येतं. मतदान, निवडणूक आणि सरकारी नोकरी मात्र नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मे २०२४ मध्ये उत्तर कन्नड लोकसभेसाठी गावात मत दिलं असेलच. पुन्हा देऊ नका. नमुना ७ भरून खानापूर तहसील कचेरीत मतदार यादीतलं नाव कमी करून घ्या. ग्रामपंचायतीला उभं राहण्याचा विचार असेल तर तोही सोडा.

जमिनीची भीती बिनबुडाची आहे, आणि दुःख असं की बहुतेक लोक त्या एका भीतीपोटी दोन्ही पासपोर्ट कपाटात ठेवून बसतात. वडिलांच्या वारसाने आलेली शेतजमीन परकीय नागरिकत्वामुळे जात नाही. परकीय चलनाविषयीच्या फेमा कायद्याचं कलम ६ (५) सांगतं की भारतात राहत असताना मिळालेली किंवा भारतात राहणाऱ्याकडून वारसाने आलेली मालमत्ता बाहेर राहणारा माणूस ठेवू शकतो. उताऱ्यावरचं नाव तसंच राहतं. बंधनं पुढच्या व्यवहारांवर येतात. बाहेर स्थायिक झाल्यावर ओसीआयधारक म्हणून नवी शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येणार नाही, बक्षीसपत्रानेही नाही. शेजारच्या बांधाची एकरभर जमीन घ्यायची बोलणी चालू असतील तर ती भावाच्या नावाने करा, आणि पैसे त्याचे असू द्या. बहिणीकडून तुमच्या नावे हक्कसोडपत्र करून घेणार असाल तर आधी मला कागद दाखवा. वारसा वेगळा आणि बहिणीने तुम्हाला हिस्सा देणं वेगळं, असा अर्थ लावला गेला तर व्यवहार अडकेल. उद्या विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विका. गावातला घरठाण प्लॉट किंवा बेळगावात फ्लॅट घ्यायला अडचण नाही.

स्विंडनचं स्वप्न मात्र मला मोडावं लागतंय. तुमचा मावसभाऊ बहुधा ब्रेक्झिटआधी, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याआधी, गेला असेल. ३१ डिसेंबर २०२० नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कामाचा हक्क राहिला नाही. त्याआधी तिथे राहणाऱ्यांसाठी जी योजना होती तिची मुदत ३० जून २०२१ ला संपली. आज तुम्ही पाहुणा म्हणून सहा महिन्यांपर्यंत जाऊ शकता, आणि एप्रिल २०२५ पासून त्यासाठीही आधी ऑनलाइन परवानगी लागते. मावसभावाच्या दुकानात गल्ल्यावर बसलात तरी ते काम धरलं जाईल. कामासाठी हा पासपोर्ट पोर्तुगालमध्ये, आयर्लंडमध्ये, जर्मनीत, युरोपीय संघात कुठेही चालतो. एजंटाने हे सांगितलं नसेल, तर त्याला दिलेल्या पैशांची पावती मागायला हरकत नाही.

मुलीच्या नोंदीची घाई करू नका. कलम ९ प्रमाणे तुमचं नागरिकत्व गेलं तरी तिचं जात नाही, ती बेळगावात जन्मलेली भारतीय आहे आणि तिची आईही भारतीय. कलम ८ खालचं नागरिकत्वत्यागाचं घोषणापत्र ही वेगळी गोष्ट आहे. त्याने अल्पवयीन मुलांचंही नागरिकत्व जातं. तुम्हाला ते करायची गरज नाही, कारण सोडायला तुमच्याकडे भारतीय नागरिकत्व उरलेलंच नाही. बेंगळुरूला कुणी वेगळा फॉर्म पुढे सरकवला तर सही करण्याआधी त्यावर कलम कुठलं लिहिलं आहे ते वाचा. तिची लिस्बनची नोंद आणि पासपोर्ट केलात तर नऊ वर्षांच्या पोरीचे भारतीय कागद तुम्ही आजच गुंतवून ठेवता. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी जागा भारतीय विद्यार्थ्याची की ओसीआयची, हा प्रश्न तेव्हा तिच्यासमोर उभा राहील. तिचा भारतीय पासपोर्ट काढा आणि तिला तुम्हाला भेटायला तिकडे यायचं असेल तेव्हा त्यावर व्हिसा घ्या.

येताना दोन्ही पासपोर्ट, लिस्बनच्या नोंदीचा दाखला, दुबईच्या तिकिटाची प्रत आणि जमिनीचा चालू उतारा घेऊन या. मूळ कागद अजून म्हापशाला एजंटाकडे असतील तर आधी ते आणा, त्याची थकबाकी असली तरी.