रात्र गोठली का, ते आधी बघ

प्रिय बाळा,

तू पाठवलेला बेत दोनदा वाचला. मार्चचा शेवटचा आठवडा, गुलमर्ग, चौघे जण, स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, लावून गुलमर्गच्या माथ्यावरच्या अफरवात डोंगराच्या धारेपर्यंत चढायचं आणि मोकळ्या उतारांवरून खाली यायचं. कोर्स झालाय, दोन हिवाळे बर्फावर काढलेत, पाय तयार आहेत. वाचून मनापासून आनंद झाला. पण प्रत्येक दिवसापुढे तू 'सकाळी नऊला निघणे' असं लिहिलं आहेस, आणि तिथेच माझं मन अडलं. वसंतात नऊ वाजता तू उतरून संपवत आलेला असायला हवास.

तू आजवर शिकलास ते भर हिवाळ्याचं हिमस्खलन. ताजा बर्फ पडतो, वारा तो एका बाजूला नेऊन लादतो, खाली कच्चा थर असतो, त्यावर कुणी पाय दिला की अख्खी लादी सुटते. अफरवातवर १ फेब्रुवारी २०२३ ला हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत रशियाचा एक गेला. त्या मोसमात 'किती बर्फ पडला आणि वारा कुठून आला' हे आधी विचारायचं असतं. मार्च सरत आला की पहिला प्रश्न बदलतो. आता विचारायचं, काल रात्री बर्फ गोठला का?

आपल्या घाटात दरड कधी येते ते आठव. संततधारेत डोंगराची माती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या कातळावरची तिची पकड सुटते. बर्फाचंही तसंच. बर्फाचे कण एकमेकांना बारीक सांध्यांनी चिकटलेले असतात. ऊन लागलं की आधी ते सांधे विरघळतात. वितळलेलं पाणी खाली मुरतं, वाटेत एखादा कडक पापुद्रा किंवा साखरेसारखा भुसभुशीत थर लागला की तिथे अडतं आणि त्याच्यावरून आडवं पसरतं. मग वरचा सगळा भार निसटतो. त्याला तुमच्या पायाची गरज नसते. हिवाळ्यात बरेचदा स्कीअरच लादी तोडतो. वसंतात उतार आपणहून सुटतो, आणि तू त्या वेळी खाली आहेस की नाही एवढंच उरतं.

रात्री हेच पाणी पुन्हा गोठलं तर सगळे सांधे जुळतात आणि पहाटे तोच उतार फरशीसारखा टणक होतो. पण त्यासाठी आकाश निरभ्र हवं. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे कुणी शिकवावं लागत नाही. थंडीत आभाळ स्वच्छ असलं की तो रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो, कारण जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. ढग आले की ते गोधडीसारखी ऊब धरून ठेवतात. बर्फाला ती गोधडी नको असते. हवा शून्याच्या एक-दोन अंश वर असली तरी स्वच्छ आकाशाखाली बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो. उलट हवा शून्याखाली असूनही ढगाळ रात्री नुसती पातळ साय धरते, आणि खाली सगळं ओलंच राहतं.

फोनवरच्या आकड्याचा हिशेब असा करायचा. श्रीनगर साधारण १,५८५ मीटरवर, धारेजवळ नेणाऱ्या गोंडोलाचं, म्हणजे रोपवेचं, वरचं टोक सुमारे ३,९५० मीटरवर. हजार मीटरला ढोबळ साडेसहा अंश धर, म्हणजे पंधरा अंशांचा फरक. श्रीनगरात रात्री बारा अंश असले तर धारेवर उणे तीनच्या आसपास. पण हा अंदाज झाला. खरं काय ते पायाखाली कळतं.

ते कसं बघायचं ते सांगते. गुलमर्गपासून धारेपर्यंत सुमारे तेराशे मीटरची चढाई, तुझ्या वेगाने चार तास. म्हणजे पहाटे तीनला निघायचं. कोंगडोरीच्या, म्हणजे गोंडोलाच्या मधल्या स्थानकाच्या वर, साडेपाचच्या सुमारास, स्की काढून बुटावर उभा राहा. सगळं वजन एका पायावर टाक. वरचं कवच तुला पेलतंय का? टाच मारून बघ: खण्ण वाजलं तर छान. कवच मोडून पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि खाली ओला, बर्फगोळ्यासारखा चिकट बर्फ लागला, तर रात्र गोठलेली नाही. मग सूर्य यायच्या आतच मागे फिर. एवढं चढून आल्याची हळहळ वाटेल, तरी फिर.

आता गोंडोलाबद्दल. तुला वाटतंय, आयतं वर नेऊन सोडणारं साधन आहे, मग काळोखात का धडपडायचं. पण वरचा टप्पा सकाळी उशिरा सुरू होतो, आणि अफरवातचे गुलमर्गकडचे बरेच उतार ईशान्य-पूर्वेकडे तोंड करून आहेत. मार्चअखेर साडेसहाच्या आत सूर्य उगवतो. पूर्वेच्या उतारांवर ऊन सर्वांत आधी पडतं, मग दक्षिणेकडच्या, दुपारी पश्चिमेकडच्या. तू पाळण्यातून वर पोचशील तोवर पूर्वेचा उतार तीन-चार तास तापलेला असेल. हिवाळ्यात गोंडोला ठीक, या मोसमात त्याचं वेळापत्रक बर्फाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही.

सकाळच्या पहिल्या उन्हात टणक कवचाचा वरचा दोन-तीन सेंटीमीटर थर सैल होतो, साबुदाण्यासारखे दाणे सुटतात, त्याच्याइतकं सुंदर स्कीइंग दुसरं नाही. धारेवर सातला पोचलास तर अर्धा तास थांब आणि तो क्षण धर. पण तो तासाभराचाच असतो. एकाच नाळेच्या दोन भिंतींची तोंडं वेगळी असली तर त्यांची वेळही वेगळी, हेही ध्यानात ठेव. सावलीतल्या, उत्तरेकडच्या भिंतीवर अजून हिवाळाच असेल, तिथे जुनेच नियम.

एकदा मी हा तास चुकवला. अठरा वर्षं झाली. पहाटे सगळं नीट केलं होतं. कवच पक्कं, आकाश निळं, धारेवर वेळेत. मग ऊन अंगावर घेत आम्ही थर्मासमधला कहवा काढला आणि गप्पांत तास-सव्वा तास गेला. उतरायला लागलो तेव्हा माझ्या उजवीकडे खडकाच्या बुडापासून लाडवाएवढे गोळे सुटून घरंगळत होते. खाली जाता जाता त्यांना बर्फ गुंडाळत होता, चाकासारखा. मी ते पाहिलं होतं. उतार सुटायला आलाय, हा त्यांचा अर्थ माहीत होता. तरीही आणखी एक वळण घेतलं.

माझ्या वर एका बिंदूतून ओला बर्फ सुटला आणि पंख्यासारखा पसरत आला. वेग फार नव्हता, माणूस धावेल इतकाच. पण तो पाण्यासारखा लवत नाही, कालवलेल्या सिमेंटसारखा ढकलतो. कमरेपर्यंत गाडले गेले आणि तो थांबला. थांबता क्षणीच घट्ट झाला. डावा पाय स्कीला बूट अडकवणाऱ्या बायंडिंगमध्ये पिळलेला, बोटसुद्धा हलेना. डोकं वर होतं म्हणून आज लिहिते आहे. जोडीदाराला धातूच्या फावड्याने मला मोकळं करायला वीस मिनिटं लागली. कोरड्या ताज्या बर्फाचं घनमीटर शंभर किलोच्या आतबाहेर असतं, ओल्या राशीचं पाचशेच्या पुढेही जातं. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्धा तास उलटला की थोडेच. माझा नुसता पाय सोडवायला वीस लागली होती, हा हिशेब मी अजून विसरलेले नाही.

म्हणून बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं चौघांकडेही हवं, गाइडकडे एक संच असून चालत नाही. निघताना बीकन तपासा, फोन त्याच्यापासून लांब ठेवा. उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित सोंडेवर थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. हे तुला येतंच.

हवामानाचं मात्र अजून सांगायचं आहे. तिकडे वसंतात पाऊस-बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात, भूमध्य समुद्राकडून येणारे. जानेवारीत त्यांच्यातून गुलमर्गलाही बर्फच पडतो. मार्च-एप्रिलमध्ये हवा शून्य अंशावर येते ती उंची, शून्याची रेषा, वर सरकलेली असते, त्यामुळे खाली पाऊस, मध्ये ओला बर्फ, धारेवर कोरडा. बर्फावर पाऊस पडायला लागला की थांबून विचार करायची वेळ संपली, उतारापासून दूर हो. झंझावात गेल्यावर दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडतं आणि सगळे उड्या मारत बाहेर येतात. त्या ताज्या बर्फाला मिळालेलं ते पहिलं ऊन असतं, तो दिवस टाळ. कधी राजस्थानाकडून धूळ येते आणि बर्फ पिवळट दिसतो. स्वच्छ ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, मळलेला ते पितो, म्हणून तुझं सगळं वेळापत्रक आणखी अलीकडे ओढ. सलग दोन-तीन रात्री गोठल्या नाहीत तर पाणी तळापर्यंत पोचलेलं असतं. तेव्हा मोठ्या उतारांकडे फिरकूच नकोस, सकाळ कितीही लवकरची असो.

धारेवरच्या वळचणीही बघ. पश्चिमेचा वारा बर्फाचे छज्जे पूर्वेकडे लोंबते ठेवतो, म्हणजे नेमके तुझ्या उताराच्या डोक्यावर. ते उन्हात तुटतात, आणि वाटतं त्याच्यापेक्षा बरेच मागून तुटतात. फोटोसाठी कडेला जाऊ नकोस.

हवामान खात्याचा अंदाज आणि डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा रोज संध्याकाळी वाच, गुलमर्गच्या स्की पेट्रोलच्या लोकांशी जाऊन बोल. एवढं करून तुझ्या सात दिवसांपैकी चार दिवस खोलीत बसावं लागेल असं धर. परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढ, म्हणजे शेवटच्या सकाळी मनाविरुद्ध निघावं लागणार नाही. पैसे कमी पडत असतील तर मला सांग, लाजू नकोस.

आणि पहिल्या चढाईच्या आदल्या रात्री, अकराच्या सुमारास, बाहेर येऊन वर बघ आणि तारे दिसतायत का तेवढं मला कळव. मी जागी असेन.

तुझी,
ताई